निरोप आणि पोच : शरीराचे नियमन कसे चालते



विषय निवडण्याची मुभा संयोजकांनी मला दिली, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. शरीरक्रियाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ज्याची दोन वेगळी प्रकरणे असतात असा एक विषय मी निवडला आहे. पहिले प्रकरण मज्जासंस्थेचे आणि दुसरे अंतःस्रावी ग्रंथींचे. या दोहोंच्या मध्ये बहुधा पचन, श्वसन, उत्सर्जन अशी चारसहा प्रकरणे येऊन जातात. परिणामी शरीरात दोन सत्ता आहेत, एक मेंदूची आणि दुसरी ग्रंथींची, आणि त्या आपापला कारभार स्वतंत्रपणे पाहतात, असा विद्यार्थ्याचा समज होतो. परीक्षेनंतर पुस्तक विसरले जाते, समज मात्र राहतो. तो अपुरा तर आहेच. पण औषधाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून तो कधीकधी प्राणघातक चूकही करवितो. ती कशी, हे ओघात येईलच.

प्रारंभ एका साध्या गुणाकाराने करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे सगळ्या रक्तातली साखर एकत्र केली तर ती भरते ४ ते ५ ग्रॅम; चहात घालायचा एक लहान चमचा. आता एकटा मेंदू दर तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज वापरतो. रक्तात भर पडणे थांबले तर हा चमचा तासाभरात रिकामा होईल आणि त्याच्या कितीतरी आधी माणूस बेशुद्ध पडेल. उलट आपल्या इंदुरात सकाळी पोहे-जिलबीची एक बशी पोटात गेली की दहाबारा चमच्यांइतके ग्लुकोज रक्ताच्या दारात येऊन उभे राहते. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली साखर, एकादशीचा निर्जळी उपवास असो की सराफ्यातली रात्रीची खाद्ययात्रा असो, ठरावीक मर्यादेबाहेर जात नाही. हा चमचा कोण राखतो, हा आपला आजचा प्रश्न.

हा प्रश्न नीट शब्दांत मांडला तो फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत राहत नाहीत, त्या शरीरांतर्गत द्रवात राहतात, आणि हा आंतरिक परिसर स्थिर राखणे हेच सर्व शरीरव्यापारांचे प्रयोजन आहे, असा सिद्धान्त त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला. त्याच बेर्नार यांनी १८४९ साली एक विलक्षण प्रयोग केला होता. सशाच्या मेंदूच्या तळाशी एका विशिष्ट जागी त्यांनी सुई टोचली. थोड्या वेळाने सशाच्या मूत्रात साखर उतरली. मेंदूला टोचले आणि यकृताने साखर सोडली. दोन प्रकरणांमधली भिंत जिथे बांधली जायची होती, तिथे तिच्या पायाभरणीपूर्वीच हे खिंडार होते. पुढे १९२६ साली अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी या स्थैर्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. मराठीत आपण त्याला समस्थिती म्हणतो.

परिभाषेविषयी एक खुलासा इथेच करतो. पाठ्यपुस्तकांत चेतासंस्था, विश्वकोशात तंत्रिका तंत्र आणि आपल्या घरांत मज्जासंस्था, अशी एकाच वस्तूची तीन नावे मराठीत नांदत आहेत. माझ्या पिढीच्या कानाला मज्जासंस्था हा शब्द रुळलेला असल्याने मी तोच वापरीन. हॉर्मोनला संप्रेरक म्हणावे, हे मात्र मला मनापासून पटते. कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतविणे, उद्युक्त करणे असाच आहे, आणि आपल्या शब्दात तो अर्थ तितकाच उमटला आहे.

वरकरणी या दोन व्यवस्थांतला फरक उघड आहे. मज्जातंतूतून जाणारा निरोप जुन्या काळच्या तारेसारखा असतो. आपल्याकडील तारसेवा २०१३ साली बंद झाली; पण तार ज्याच्या नावाची त्याच्याच दारी येते आणि चटकन येते, हे या सभागृहातील बहुतेकांना आठवत असेल. सर्वांत जलद मज्जातंतूंत निरोपाचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातो. संप्रेरक म्हणजे गावात पिटलेली दवंडी. ती रक्ताबरोबर प्रत्येक गल्लीत जाते, सर्वांच्या कानांवर पडते, पण ज्या पेशींपाशी ती ऐकण्याजोगे ग्राही रेणू आहेत त्याच तिची दखल घेतात. दवंडीचा आवाज किती काळ घुमत राहतो, हेही ठरलेले असते. इन्शुलिनचे रक्तातले प्रमाण पाचसहा मिनिटांत निम्म्यावर येते. थायरॉक्सिनला त्यासाठी सुमारे आठवडा लागतो. तापलेल्या तव्यावरून हात मागे घ्यायचा असेल तर तार हवी. मुलाची उंची दहाबारा वर्षांत वाढवायची असेल तर दवंडीच हवी.

आता भिंत कशी बांधली गेली आणि कशी पडली, ती हकिकत. विसाव्या शतकाच्या आरंभी पचनक्रियेच्या अभ्यासात रशियाच्या इव्हान पाव्हलॉव्ह यांचा शब्द अखेरचा मानला जाई. जठरातले आम्लयुक्त अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरले की स्वादुपिंड आपला पाचक रस सोडते, हे सर्वज्ञात होते. हे मज्जातंतूंमार्फत घडते, असे पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेचे मत होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी ते पडताळून पाहायचे ठरविले. हे दोघे सहकारी तर होतेच, शिवाय नात्याने मेहुणेही होते. स्टार्लिंग यांची बहीण बेलिस यांना दिलेली होती. जानेवारी १९०२ मध्ये त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा त्याच्या सर्व मज्जातंतूंपासून सोडविला, फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या, आणि त्या तुकड्यात आम्ल घातले. तार तोडलेली होती. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला.

इथे कमी धीराचा संशोधक एखादा मज्जातंतू कापायचा राहिला असेल असे म्हणून थांबला असता. स्टार्लिंग यांना मात्र तत्क्षणी उमगले की निरोप रक्तातून गेला असला पाहिजे. त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून काढले, आम्लात घोटले, गाळले आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. काही क्षणांतच स्वादुपिंड पाझरू लागले. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले, आणि १९०५ सालच्या आपल्या व्याख्यानांत स्टार्लिंग यांनी अशा सर्व निरोप्या द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द योजला. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आला आणि तो खरा ठरला. सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्यानेच घेतलेला नाही, अशा आशयाचे उद्गार पाव्हलॉव्ह यांनी त्यावर काढल्याचे त्यांच्या शिष्याने नमूद करून ठेवले आहे. गंमत अशी की पाव्हलॉव्हही सर्वस्वी चुकलेले नव्हते. अन्नाच्या वासाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही व्हेगस या मज्जातंतूतून स्वादुपिंडाला निरोप जातो, हे आज निर्विवाद आहे. म्हणजे एकाच ग्रंथीला तारही येते आणि दवंडीही ऐकू येते.

पण विज्ञानाच्या इतिहासात नवा शोध लागला की काही काळ त्याचा पक्ष तयार होतो. ग्रंथींचे वेगळे शास्त्र झाले, मज्जासंस्थेचे वेगळे राहिले. त्यांचे प्राध्यापक वेगळे, परिषदा वेगळ्या. एक बाजू रासायनिक, दुसरी विद्युत्, अशी वाटणी झाली. ती टिकली असती तर माझे आजचे काम सोपे झाले असते.

ती मोडली ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ऑटो लोवी यांनी, १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने. व्हेगसला विद्युत्प्रवाहाने चेतविले की हृदयाची गती मंदावते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. लोवी यांनी बेडकांची दोन हृदये क्षारद्रावात चालू ठेवली. पहिल्याचा व्हेगस चेतवून त्याची गती कमी केली. मग त्या हृदयातला द्राव उचलून दुसऱ्या हृदयाला दिला. दुसऱ्या हृदयाला कोणताही मज्जातंतू जोडलेला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतूच्या टोकाशी वीज उडी मारीत नाही. तिथे एक द्रव्य पाझरते आणि तेच पुढचे काम करते. ते द्रव्य ॲसिटिलकोलिन होय. या प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असे लोवी सांगत असत. १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले आणि दोनच वर्षांनी ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेल्यावर त्यांना कैद झाली. पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत वळती करून दिल्यावरच त्यांना देश सोडता आला.

तारेच्या शेवटच्या टोकाला निरोप रासायनिकच असतो, हे एकदा मान्य केले की मग दोन्ही व्यवस्थांत उरणारा फरक अंतराचा असतो. द्रव्य केसाहून कितीतरी बारीक फट ओलांडून शेजारच्या पेशीला भेटले तर आपण त्याला मज्जासंस्थेचे म्हणतो, रक्तातून हातभर दूर गेले तर संप्रेरक म्हणतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा गाभा हे याचे उत्तम उदाहरण. या गाभ्यातल्या पेशी गर्भावस्थेत ज्या ऊतकापासून घडतात त्यापासूनच मज्जापेशीही घडतात. त्यांच्यापर्यंत मज्जातंतू थेट येऊन पोहोचतात. आणि भीतीच्या क्षणी त्या ॲड्रेनलीन रक्तात ओततात. अंधारात पायाखाली दोरी आली आणि साप वाटला, तर छातीत धस्स होते ते तारेमुळे. दोरी आहे हे कळल्यानंतरही काही मिनिटे छाती धडधडत राहते, तिला हातभार लावते ती दवंडी.

याहून सुंदर उदाहरण आपल्या भाषेनेच जपून ठेवले आहे. बाळ छातीशी लागले, किंवा पलीकडच्या खोलीत त्याचे नुसते रडणे ऐकू आले, की आईला पान्हा फुटतो. गाईला वासरू लावल्याशिवाय ती पान्हवत नाही, हे गवळ्याला शरीरशास्त्र न शिकताही ठाऊक असते. यात घडते असे. स्तनाग्राच्या स्पर्शाची संवेदना मज्जातंतूंनी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे जाते. तिथल्या मज्जापेशींचे लांब तंतू खाली पोष ग्रंथीच्या मागच्या भागात उतरलेले असतात. त्या तंतूंच्या टोकांतून ऑक्सिटोसिन रक्तात पडते, रक्तातून स्तनांत पोहोचते, आणि तिथल्या दुग्धपिंडांभोवतीच्या सूक्ष्म पेशी आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. जाताना तार, येताना दवंडी. धाक, चिंता, वेदना किंवा घरातील बोलणी यांनी हीच साखळी वरून अडविली जाऊ शकते. दूध असूनही ते उतरत नाही, आणि मग बाळंतिणीला दूधच नाही असा शिक्का मारून घाईने बाटली आणली जाते. तिला निवांत खोली आणि चार धीराचे शब्द आधी मिळाले तर पुष्कळदा तोच उपचार पुरतो.

पोष ग्रंथी वाटाण्याएवढी, वजनाने जेमतेम अर्धा ग्रॅम. पूर्वी तिला सर्व ग्रंथींची स्वामिनी म्हणत. हे बिरुद आता काढून घ्यावे लागते. ती स्वामिनी नसून कारभारीण आहे. तिच्या पुढच्या भागात मेंदूकडून मज्जातंतू जवळजवळ येतच नाहीत, मग मेंदूचा हुकूम तिला पोहोचतो कसा? हायपोथॅलॅमसपासून तिच्यापर्यंत उतरणारे बारीक रक्तवाहिन्यांचे एक खास जाळे आहे. निरोप त्यातून येत असावा, असे इंग्लंडचे जेफ्री हॅरिस सांगू लागले. १९५२ साली त्यांनी आणि डोरा याकोबसोन यांनी उंदरांची पोष ग्रंथी काढून दुसरी तिथेच, हायपोथॅलॅमसच्या खाली, बसविली. ती कामाला लागली. मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसविलेली तशीच ग्रंथी जिवंत राहिली पण निष्क्रिय राहिली. त्यानंतर हायपोथॅलॅमसमधली ती निरोपाची द्रव्ये हाती लागावीत म्हणून रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली यांनी एकमेकांशी कडवी स्पर्धा करीत वर्षानुवर्षे खाटीकखान्यांतून मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो मेंदू गोळा केले. १९६९ साली पहिल्या द्रव्याची रचना उलगडली. इतक्या खटाटोपातून निघालेला तो रेणू अवघ्या तीन ॲमिनो आम्लांचा होता. १९७७ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि रक्तातील संप्रेरकांचे अत्यल्प प्रमाण मोजण्याची पद्धत घडविणाऱ्या रोझॅलिन यालो यांना मिळाले.

या ग्रंथी म्हणजेच योगशास्त्रातली चक्रे का, असा प्रश्न अशा व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतेच, म्हणून उत्तर आधीच देतो. दोहोंची जुळणी करण्याची हौस मला समजते, पण ती करू नये. साधकाच्या अनुभवाचा नकाशा वेगळ्या कामासाठी काढलेला आहे; त्यावर शवविच्छेदनाचा नकाशा ठेवला की दोन्ही नकाशे निरुपयोगी होतात.

आता व्याख्यानाच्या गाभ्याकडे येतो. निरोप पाठविणे हे नियमनाचे अर्धे काम झाले. निरोप पोहोचला, काम झाले, आता पुरे, हे पाठविणाऱ्याला कळले नाही तर नियमन होत नाही. रजिस्टर पत्राबरोबर पूर्वी पोचेचे कार्ड जाई आणि सही होऊन परत येई; शरीरात प्रत्येक महत्त्वाच्या निरोपाला अशी पोच आहे. शास्त्रात तिला प्रत्याभरण म्हणतात, मी पोचच म्हणेन. हायपोथॅलॅमस पोष ग्रंथीला सांगतो, पोष ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक पाठवून गळ्यातल्या अवटू ग्रंथीला सांगते, अवटू ग्रंथी थायरॉक्सिन तयार करते. आणि तेच थायरॉक्सिन रक्तातून वर जाऊन हायपोथॅलॅमस आणि पोष ग्रंथी या दोघांना गप्प करते. थायरॉक्सिन कमी पडले की वरचा आवाज वाढतो, जास्त झाले की आवाज उतरतो. म्हणूनच अवटू ग्रंथीची शंका आली की डॉक्टर बहुधा आधी टीएसएच मोजायला सांगतात. हा आकडा वाढला तर पुष्कळ लोक आनंदाने सांगतात की माझे थायरॉइड वाढले आहे. प्रत्यक्षात अर्थ उलटा असतो. ग्रंथी मंदावली आहे, म्हणून वरून ओरडा वाढला आहे.

पोच परत आलीच नाही तर काय होते, याचा नमुना गलगंडाच्या रूपाने हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या गळ्यात दिसत होता. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात. पावसाने आणि हिमनद्यांनी जमिनीतले आयोडीन धुवून नेलेल्या प्रदेशात अन्नातून ते मिळत नाही. ग्रंथीजवळ कच्चा मालच नसल्याने थायरॉक्सिन तयार होत नाही, पोच जात नाही, आणि वरून टीएसएचचा चाबूक चालूच राहतो. काम करता न आलेली ग्रंथी नुसती वाढत जाते. गळ्यावरची गाठ दिसते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. न दिसणारे नुकसान त्याहून मोठे आहे. गर्भातल्या आणि नवजात बालकाच्या मेंदूची घडण थायरॉक्सिनवर अवलंबून असते, आणि त्या काळात झालेली उणीव पुढे भरून निघत नाही.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात एक मोठा प्रयोग केला. हे खोरे तेव्हा पंजाबात होते, आज हिमाचल प्रदेशात आहे. खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका विभागात साधे मीठ पुरविण्यात आले. साधारण सहा वर्षांत आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या विभागांतील मुलांमध्ये गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आले. साध्या मिठाच्या विभागात तशी घट झाली नाही. १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो याच अनुभवाच्या बळावर. पुढे मैदानी प्रदेशांतही आयोडीनची उणीव आढळली आणि सर्वच खाण्याच्या मिठाचे आयोडिनीकरण करण्याचे धोरण आले. साध्या मिठावरील देशव्यापी बंदी २००० साली उठविण्यात आली होती, ती २००५ साली पुन्हा लागू करावी लागली. प्रौढ माणसाची आयोडीनची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीची सुमारे २५०. जन्मभराची गरज मोजली तरी ती एका चहाच्या चमच्यात मावते. आपण माळव्यातले लोक समुद्रापासून दूर. मासळी रोजच्या ताटात नसते, आयोडीन येते ते मुख्यत्वे मिठातून. अलीकडे आरोग्यदायी म्हणून रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरण्याची जी लाट आली आहे, तिच्याविषयी म्हणून मी साशंक आहे. उपवासापुरते सैंधव ठीक. पण त्यात मुद्दाम घातल्याखेरीज पुरेसे आयोडीन नसते, आणि घरात गर्भवती असेल तर रोजचे मीठ बदलू नये.

आपला साखरेचा चमचा राखणारी व्यवस्थाही अशीच. जेवणानंतर साखर चढली की स्वादुपिंडातले इन्शुलिन स्नायूंना आणि चरबीला ती आत घ्यायला सांगते, यकृताला साठवायला सांगते. साखर उतरली की तीच उतरलेली पातळी इन्शुलिनला थांबविते. अधिक उतरू लागली तर ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनलीन पुढे होतात आणि यकृताचे कोठार उघडतात. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला जेवण चुकल्यावर दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते. ही लक्षणे मज्जासंस्थेने वाजविलेल्या घंटेची आहेत, आणि त्या वेळी त्याला साखर द्यायची असते, विश्रांतीचा उपदेश नव्हे. प्रौढवयातल्या नेहमीच्या मधुमेहात इन्शुलिन असते, पण पेशी त्याची नीट दखल घेत नाहीत. स्वादुपिंड आवाज चढवीत राहते आणि काही वर्षांनी थकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे अनुमान आहे. शिडशिडीत दिसणाऱ्या भारतीयांतही हा रोग का आढळतो, यावर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम मोलाचे आहे. २००४ साली त्यांनी आपले आणि लंडनमधील सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी याज्ञिकांच्या अंगी २१ टक्के, युडकिन यांच्या अंगी ९ टक्के. वजनकाट्यावर सारख्या दिसणाऱ्या दोन देहांत दवंडी ऐकण्याची ताकद सारखी नसते.

पोच न येणे, निरोपाची दखल न घेतली जाणे, हे प्रकार पाहिले. उरला तो खोट्या पोचेचा, आणि आरंभी मी ज्या चुकीचा उल्लेख केला ती इथे आहे. अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल स्रवते. पहाटे ते सर्वाधिक, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात त्याची मागणी अनेक पटींनी वाढते. त्याचाही वरून निरोप आणि खालून पोच असा फेरा आहे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्णाला या जातीचे द्रव्य टोचले. काही दिवसांत तो रुग्ण चालू लागला. जग थक्क झाले, आणि १९५० साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही विकार यांत स्टेरॉइडांनी असंख्य जीव वाचविले आहेत. त्यांना सरसकट विष म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण बाहेरून गोळी घेतली की हायपोथॅलॅमस आणि पोष ग्रंथी यांना ती आपल्याच ग्रंथीची पोच वाटते. काम होत आहे, असे समजून ते निरोप पाठविणे थांबवितात. निरोप न मिळालेली अधिवृक्क ग्रंथी काही आठवड्यांत सुकू लागते. अशा वेळी माणसाला बरे वाटले म्हणून, किंवा तोंड सुजले म्हणून घाबरून, त्याने गोळ्या एकदम बंद केल्या तर शरीरात बाहेरचे द्रव्यही उरत नाही आणि आतलेही नसते. अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणे, बेशुद्धी; वेळेत ओळखले नाही तर मृत्यू. आपल्याकडे प्रेडनिसोलोनच्या आणि डेक्सामेथासोनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, आणि सांधेदुखीवरच्या काही निनावी पुड्यांत त्या कुटून घातलेल्या आढळतात, हे कोणत्याही शहरातला डॉक्टर सांगेल. पुडी घेणाऱ्याला आपण स्टेरॉइड घेत आहोत हेच ठाऊक नसते. मग ती हळूहळू उतरवायची असते हे त्याला कोठून कळणार?

जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीतून असे दिसले की कोविडच्या ज्या रुग्णांना प्राणवायू द्यावा लागत होता त्यांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे कमी झाले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ दिसला नाही. मात्रा होती दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. आपल्याकडे २०२१ च्या उन्हाळ्यात हे औषध घरोघरी, लक्षणांच्या पहिल्याच दिवसापासून आणि वाटेल त्या मात्रेत घेतले गेले. स्टेरॉइड यकृताकडून साखर सोडवून घेते आणि इन्शुलिनला निष्प्रभ करते, शिवाय प्रतिकारशक्ती दाबते. आधीच मधुमेही असलेल्या शरीरांत, ज्याला वृत्तपत्रांनी काळी बुरशी म्हटले त्या म्यूकरमायकोसिसने मग हजारोंचे डोळे आणि प्राण घेतले. कारणे एकाहून अधिक होती. पण अनियंत्रित साखर आणि गरज नसता घेतलेले स्टेरॉइड ही दोन त्यांत ठळक होती.

ज्यांना हे औषध काही आठवड्यांहून अधिक घ्यावे लागले आहे त्यांच्याबाबत डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवितात, ती या सुकलेल्या ग्रंथीला उठायला अवधी मिळावा म्हणून. आधी हायपोथॅलॅमस आणि पोष ग्रंथी जाग्या होतात. त्यांचा निरोप पुन्हा खाली येऊ लागतो. अधिवृक्क ग्रंथी सर्वांत शेवटी उठते, आणि त्याला कित्येक महिने, कधीकधी वर्षही लागते. त्या मुदतीत तीव्र ताप आला, अपघात झाला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर आपण स्टेरॉइड घेत होतो हे नव्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे लागते, म्हणजे ग्रंथी जे देऊ शकत नाही ते ते तेवढ्यापुरते बाहेरून देतात.